मुन्शी घाटावर उभे राहिलेले नारायणकाका

नारायणकाका आज सकाळी गेले. माझं खोटं ठाऊक असलेला एकमेव माणूस गेला.

काका रामघाटावरचे वैदिक. आमच्या मोहल्ल्याच्या रामलीलेतले हनुमान.

नव्वदच्या दशकात मार्था नावाच्या डच दिग्दर्शिकेने मुन्शी घाटावर परदेशी नटांचं शिबिर घेतलं. जपानी रंगभूमीवरची संथ चाल, केरळचा नेत्राभिनय आणि काकांचा हनुमान, असं ते ट्रेनिंग. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिथला दुभाषा आणि टाइमकीपर.

माझ्या मनगटावरच्या घड्याळावरून काका मला घडीबाबू म्हणत. "याला पोट नाही सांगत, घडी सांगते भूक लागली म्हणून!"

आमच्या लीलेचा नियम असा: मुखवटा चढवला की आरती झाल्याशिवाय उतरवायचा नाही. तोवर बसायचं नाही, आणि लीलेतल्या संवादांखेरीज एक शब्दही बोलायचा नाही.

शिबिरात एके दिवशी ही आरती माझ्याकडे होती. तबक माझ्या पिशवीत होतं.

साडेबाराला काकांचं मुखवट्यातलं प्रात्यक्षिक संपलं. मी घड्याळ पाहिलं, "लंच!" असं ओरडलो आणि सर्वांच्या आधी जेवायला गेलो.

दोन वाजून दहा मिनिटांनी परतलो.

काका त्याच पायरीवर उभे होते. उन्हात. मुखवट्यासह.

आधीच परतलेले नट भोवती बसून वह्यांत टिपणं घेत होते.

"काय प्रेझेन्स आहे!" मार्था माझ्या कानाशी कुजबुजली. "शंभर मिनिटं!"

मी कापूर पेटवला. तिसऱ्या काडीला पेटला.

मुखवटा उतरला. ओठ पांढरे पडले होते.

"घडीबाबू, जेवलास?"

"हो, काका."

"बरं झालं."

मार्थाने विचारलं, ही साधना कोणती? काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांग तिला, सवय आहे म्हणावं."

मी तेवढंच भाषांतर केलं.

पुढे मार्थाने त्याचा एक्सरसाइज केला. गेल्या वर्षी तिने व्हिडिओ पाठवला. बारा तरुण नट, शंभर मिनिटं, निश्चल. आपण कशाची वाट पाहतो आहोत, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही.

मी व्हिडिओ बंद केला. तेरावा दिसतच राहिला. मुखवट्याच्या दोन छिद्रांतून माझ्या पिशवीकडे पाहणारा.

आज मार्थाला सगळं लिहून कळवलं. ती साधना नव्हती. एक उपाशी माणूस आरतीची वाट पाहत होता, आणि मी जेवत होतो.

सांगून टाकलं, काका.

आता बसा.