आडव्या रेघांची प्रिंट

बाबांचा खोकला दोन वर्षं मीच हसण्यावारी नेला. "नाटकं पुरे, बाबा, पंखा कमी करा," असं म्हणायची. घरची डॉक्टर ना मी! पीथमपूरच्या कारखान्यात उभी हयात ग्राइंडिंगच्या धुळीत गेलेला माणूस, थोडा खोकणारच, असं मी धरून चालले होते.

मग मी इंदूरला जाऊन फुफ्फुसांची सोनोग्राफी शिकून आले. शिकवणाऱ्यांनी बजावलं होतं, आधी निरोगी फुफ्फुसं भरपूर बघा, तरच आजारी ओळखता येतील. रविवारी माझा देवासचा दवाखाना बंद असतो. निरोगी म्हणून मी कोणाला नेलं? बाबांना.

शर्ट काढून ते माझ्याकडे पाठ करून बसले. मी ऐटीत समजावलं, "पडद्यावर एकाखाली एक आडव्या रेघा दिसल्या की फुफ्फुस छान. वरून खाली उभे पांढरे पट्टे आले की गडबड."

पाठीला जेल लावून प्रोब टेकवला. उभे पट्टे. दुसऱ्या बाजूलाही तेच. फुफ्फुसात साठलेलं पाणी असू दे रे देवा, पाणी औषधाने उतरतं, असं मी मनात घोकत होते. पण फुफ्फुसाच्या आवरणाची रेघ नितळ असायला हवी, ती जाड आणि खडबडीत होती. म्हणजे धुळीने फुफ्फुसं निबर झालेली, आणि ते काही औषधाने उतरत नाही.

मशीनच बिघडलं, दुसरं काय! ओढणी सारून प्रोब माझ्याच गळ्याखाली लावला. स्वच्छ आडव्या रेघा. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. प्रोब तसाच माझ्या गळ्याखाली राहिला.

तेवढ्यात बाबांनी मान वळवून पडदा पाहिला. "अरे वा! आडव्या रेघा! म्हणजे एकदम फर्स्ट क्लास ना, बेटा? एक प्रिंट काढ. तुझ्या आईला दाखवतो, फार डोकं खाते माझं."

मी प्रिंट काढून दिली. पंधरा दिवसांनी सीटी स्कॅन करून आजार सांगितला. प्रिंट कोणाची होती, तेवढं मात्र सांगितलं नाही.

बाबांना जाऊन वर्ष होईल. प्रिंट आईच्या पोथीत आहे. सकाळी पोथी उघडली की ती चष्मा सारखा करून बघते.

"तेव्हा तर किती छान होती गं यांची फुफ्फुसं," ती म्हणते. मला रडू येतं. मग तीच माझ्या पाठीवरून हात फिरवते. "नको वाईट वाटून घेऊस. तुला दिसलं असतं, तर तू सांगितलं नसतंस का?"