जेलच्या यादीतला जावई

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र टेबलावरच्या कागदांसकट लक्षात आहे. अमेरिकेत मिनियापोलिसच्या एका उपनगरात मी सत्तावीस वर्षं पोलिसात काढली, शेवटची काही तपास शाखेत सार्जंट म्हणून. अख्ख्या स्टेशनात मराठी बोलणारा मी एकटा. त्यामुळे आपल्या लोकांपैकी कुणाचं काही अडलं की ते थेट माझं नाव विचारत यायचे.

एका गुरुवारी सकाळी असेच एक गृहस्थ आले. जवळच्या ईडन प्रेरीत राहणारे, मूळचे पुण्याचे, कंपनीत वरच्या हुद्द्यावर. मुलीचं लग्न ठरलेलं, तीन महिन्यांवर आलेलं. हातात नवऱ्यामुलाच्या बायोडेटाची फाइल होती. त्यांनी त्यातला एक प्रिंटआउट माझ्यासमोर ठेवला.

"साहेब, हा आमचा होणारा जावई. काउंटी जेलच्या यादीत आहे. दारू पिऊन गाडी चालवली, उभ्या गाडीला ठोकली. आम्हाला एका शब्दाने बोलला नाही."

आमच्याकडे काउंटी जेलमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या तुरुंगात, अलीकडे कुणाला आणलं, कधी आणि कोणत्या आरोपाखाली, हे वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. नाव टाका, बटण दाबा. पूर्वी स्थळाची चौकशी शेजारीपाजारी, ऑफिसात, मामा-मावश्यांमार्फत व्हायची. इथे मुलाच्या शेजारी कोण राहतं हे मुलालाच माहीत नसतं, म्हणून मुलीचे वडील ही यादी चाळतात. त्यात गैर काही नाही. फक्त ती अटकेची नोंद असते, निकाल नसतो. हे मी त्यांना सांगितलं.

"असेल हो," ते म्हणाले, "पण एकदा रेकॉर्डवर नाव आलं की संपलं. मुलीला स्क्रीनशॉट दाखवला, तिने त्याला कालच ब्लॉक केलं. मला फक्त खात्री करून द्या."

मी सिस्टीममध्ये पाहिलं. नाव आणि जन्मतारीख जुळत होती. शिवाय कोर्टाच्या तारखेला हजर न राहिल्यामुळे पकड वॉरंट निघालेलं होतं. आता हा केवळ सोयरिकीचा मामला राहिला नव्हता. त्यांची फाइल मी ठेवून घेतली आणि मुलाला फोन केला.

तो लंच अवरमध्ये आला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. नाशिकचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर. पुढच्या महिन्यात व्हिसा स्टॅम्पिंगसाठी भारतात जाणार होता. वॉरंट असताना गेला असता तर परत येणं कठीण होतं. इतकंच काय, साधा सिग्नल चुकवला म्हणून कुणी अडवलं असतं तरी हातात बेड्या पडल्या असत्या.

मी त्याला चहापाणी विचारलं नाही. "कोर्टात का गेला नाहीस?" एवढंच विचारलं.

"कुठल्या कोर्टात, काका?"

असले भोळे चेहरे मी हजार पाहिले होते. त्याच्यासमोर जेलची बुकिंग शीट, म्हणजे अटक झाल्यावर भरतात तो नोंदीचा कागद, सरकवली. त्याने दोनदा वाचली. "हे माझंच नाव आहे. पण मी दारू पीतच नाही. त्या शनिवारी मी... थांबा, फोनमध्ये बघतो." फोनचा पासकोड त्याने दोनदा चुकवला. बरीच गुन्हेगार माणसं आधी रागावतात आणि मग घाबरतात. हा आधी घाबरला होता, राग त्याला अजून सुचलाच नव्हता. तेव्हा मी पहिल्यांदा शीट नीट वाचायला घेतली.

उंचीच्या रकान्यात सहा फूट लिहिलं होतं, आणि ते जेलमध्ये मोजून लिहितात. मी त्याला भिंतीवरच्या पट्टीपाशी उभं केलं. पाच फूट सात.

"फाइलमधल्या तुझ्या बायोडेटात पाच नऊ आहे," मी म्हणालो.

तो ओशाळला. "ते आईने वाढवून लिहिलंय."

आता मला चेव आला. शीटवरचा पत्ता दाखवला. तो म्हणाला, "इथून मी मागच्याच वर्षी मूव्ह झालो. लायसन्सवरपण चेंज केलाय." मी तपासलं, खरं होतं. कोर्टाची पत्रंही त्या जुन्या पत्त्यावरच गेली होती. म्हणजे रस्त्यात ज्याला अडवलं होतं त्याने पाकीट घरी राहिलं असं सांगून नाव, जन्मतारीख आणि पत्ता तोंडी दिला होता. आमच्या माणसाने गाडीतल्या कॉम्प्युटरवर लायसन्सचा दाढीवाला फोटो पाहिला, समोर दाढीवाला भारतीय पोरगा पाहिला आणि मान डोलावली. बोटांचे ठसे जेलमध्ये घेतले होते, पण त्या पोराची ती पहिलीच अटक असल्यामुळे ते कशाशीही जुळले नाहीत.

"हा जुना पत्ता अजून कुठे आहे?"

"कुठेच नाही, काका. बँक, ऑफिस, सगळीकडे बदललाय."

माझी नजर फाइलवर गेली. बायोडेटा. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आणि खाली तोच जुना पत्ता. अहो, रस्त्यावर पोलीस जे जे विचारतो ते सगळं आपण स्वतःच्या हाताने एका पानावर लिहितो आणि व्हॉट्सअॅपवर गावभर पाठवतो.

मी जेलमधून बुकिंगचा फोटो मागवला. पाच मिनिटांत आला. मुलाने तो पाहिला आणि त्याचा चेहरा एकदम बदलला.

"ओळखतोस?"

"काका, हा मी नाही. एवढं पुरेसं आहे ना?"

"नाव सांग."

"माझ्याकडून नको, प्लीज."

मी आग्रह केला नाही. मुलीच्या वडिलांना बोलावलं आणि विचारलं, हा बायोडेटा तुमच्याकडून कुणाकुणाला गेला. ते म्हणाले, "घरातच. ही, मुलगी, आणि मुलगा. मुलाला म्हटलं होतं, तू इथे वाढलास, जरा चौकशी कर." मी फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांचं तोंड बघवत नव्हतं. तो त्यांचाच मुलगा होता.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आपल्यातलंच आहे. घरातल्या घरात मिटवता येणार नाही का? फार्मसीला आहे तो. रेकॉर्ड झालं तर करिअर जाईल."

"सकाळी तुम्ही दुसऱ्याच्या मुलाबद्दल काय म्हणालात ते आठवतंय ना?" मी म्हणालो. मला खरंच राग आला होता. पण ते गृहस्थ वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी आपल्या मुलाला आणि वकिलाला घेऊन स्वतः आले.

मी पोराला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क वाचून दाखवला आणि बायोडेटा व फोटो शेजारी शेजारी ठेवले. वकिलाशी दोन मिनिटं बोलून तो म्हणाला, "आय पॅनिक्ड. फोनमध्ये त्याचा बायोडेटा होता. हिज रेकॉर्ड वॉज क्लीन, सो आय थॉट त्याला काही होणार नाही."

बाप हे ऐकत उभा होता. "अरे, तो तुझ्या बहिणीचा नवरा होणार होता," एवढंच तो म्हणाला.

कोर्टाने वॉरंट रद्द केलं, नोंद दुरुस्त करायचा आदेश दिला. व्हिसाच्या मुलाखतीत दाखवायला मी खात्याचं पत्र तयार केलं. ते घ्यायला तो आला त्या दिवशी मुलगीही आली होती. बाहेर पार्किंगमध्ये ती त्याच्याशी बराच वेळ बोलत होती, रडत होती. तो शांतपणे ऐकत होता. मग एकटाच आत आला.

"लग्न?" मी विचारलं.

"कॅन्सल केलं, काका. मी केलं." पत्राची घडी करत तो म्हणाला, "तिच्या भावाचं मी विसरेन. पण तिच्याकडे माझा नंबर होता. एक फोन करून विचारलं असतं, की हे तू आहेस का."

मी त्याची समजूत घालणार होतो. पण तसं पाहिलं तर मीही त्याला ते विचारलं नव्हतं. अटकेचा फोटो मागवायला पाच मिनिटं लागली, पण नाव आणि जन्मतारीख जुळल्यावर मला त्याची गरजच वाटली नव्हती. पोलिसातला अनुभव माणसाला तयार करतो हे खरं. पण तो कधी कधी आळशीही करतो, हे मला त्या मुलाने शिकवलं.

निवृत्त झालो तरी लोक अजून येतात. अमुक नाव यादीत दिसतंय, जरा बघता का, म्हणतात. मी प्रिंटआउट हातात घेत नाही. आधी विचारतो, त्या माणसाशी बोललात का?

बहुतेकांनी बोललेलं नसतं.