शुभेच्छुकांच्या ओळीत पप्पा

सुट्टीसाठी जळगावहून घरी आले, तेव्हा चोपड्याच्या स्टँडसमोर मला पप्पा दिसले. फ्लेक्सवर. मधोमध आमच्या भागातले पुढारी, ज्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणतात, हात जोडून उभे. डोक्यावर पांढरं कबूतर, खाली सोनेरी अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय शांतता पुरस्काराने सन्मानित’. त्याखाली आमच्या कॉलनीतल्या शुभेच्छुकांचे गोल फोटो आणि त्यांत निळ्या शर्टातले पप्पा.

पप्पा भाऊंच्या संस्थेच्या आश्रमशाळेत अधीक्षक होते. सातपुड्याच्या पायथ्याची मुलं तिथे राहून शिकतात. मुलांच्या वाट्याचं धान्य मागच्या दाराने बाहेर जातं, हे पप्पांनी तपासणीला आलेल्या साहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं आणि ते निलंबित झाले. वर्तमानपत्रं अशा माणसाला जागल्या म्हणतात. आमच्या कॉलनीत चुगलखोर म्हणतात, तेही आम्ही पुढे गेल्यावर. भाऊंना पुरस्कार मिळाला तो याच मुलांसाठी केलेल्या कार्याबद्दल, परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलच्या हॉलमध्ये.

सोमवारी धुळ्याला पप्पांच्या तक्रारीची चौकशी होती. काही मुलांचे आईवडील पप्पांच्या शब्दावर साक्ष द्यायला येणार होते. त्यांची एसटी याच स्टँडवरून सुटते.

फ्लेक्स लावला होता शेजारच्या नानांनी. कॉलनीतली जयंती, वर्गणी, फ्लेक्स, सगळं तेच बघतात. पप्पा त्यांच्या ओट्यावर गेले. मी मागे उभी राहिले.

“नाना, माझा फोटो कुणी दिला?”

“देतो कोण? जयंतीच्या फ्लेक्सवरची फोटोंची ओळ छापणाऱ्या दुकानवाल्याकडे आहेच. तीच टाकतो तो दरवेळी. श्रद्धांजली असली की शुभेच्छुकच्या जागी शोकाकुल लिहितो, एवढंच.”

“मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तू हो म्हटला असता?” नाना हसले. “अन् फोटो चांगला आलाय. केस काळे दिसतात.”

“काढा तो.”

“भाऊंच्या फ्लेक्सला ब्लेड लावू? मग मलाही ने तुझ्याबरोबर धुळ्याला, चौकशीला.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मोठमोठ्या देशांत राजकारण्यांनाच देतात ना हे बक्षीस? आपल्या भाऊंना दिलं तर तुझं पोट का दुखतं? पोरगी लग्नाची आहे तुझी.”

मी चपलेकडे बघत राहिले. नानांनी हे मुद्दाम केलं असतं, तर मला त्यांचा राग धरता आला असता. त्यांनी फक्त नेहमीची ओळ टाकली होती.

कॉलेजात मागे याच विषयावर वादविवाद झाला होता: राजकीय नेत्यांना आणि जागल्यांना शांतता पुरस्कार द्यावेत का? आमची मुलं इंग्रजीत फार छान बोलली. युद्ध थांबवणारे राष्ट्राध्यक्ष, गुपितं फोडून देश सोडून गेलेले लोक, सगळे आले. एकाने मुद्दा मांडला की जागल्या शांतता आणत नाही, उलट मोडतो. टाळ्या पडल्या. मी शेवटच्या बाकावर होते. आमच्या घरात कोण आहे, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी मी पप्पांबरोबर गेले. आईवडील आले होते, पण ते कार्यालयाच्या फाटकाबाहेर उभे होते. आत येईनात. वसतिगृहातल्या एका मुलीची आई पुढे झाली.

“सर, स्टँडवर तुमना फोटू देखा. बठ्ठासनी देखा.”

“सगळ्यांनी बघितला असेल, पण मी नाही लावला तो. मला विचारलंसुद्धा नाही.”

“तुमनं भांडण मिटनं तं चांगलं शे. पन आमले सांगानं व्हतं. आमनी पोर आजूनबी तठेच शे.”

पप्पांनी दुकानवाल्याचा कॉम्प्युटर, जयंतीची ओळ, नाना, सगळं समजावून सांगितलं. खरं होतं ते, तरी ऐकताना मलाच खोटं वाटायला लागलं. बाईने शांतपणे ऐकलं, हात जोडले, आणि सगळे स्टँडच्या दिशेने चालू लागले. हाक मारावी असं मला वाटलं, पण त्यांच्या मुलीची जबाबदारी मी काय घेणार होते?

आत चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं, “साक्षीदार?”

“नाहीत.”

“मग तक्रार मागे घेताय का?”

“नाही,” पप्पा म्हणाले. साहेबांनी कंटाळून पुढची तारीख दिली.

नेत्यांना असे पुरस्कार मिळूच नयेत, असं मी म्हणणार नाही. एखाद्याने खरंच युद्ध थांबवलं असेल. पण देणाऱ्यांनी एकदा त्या नेत्याच्या गावात यावं आणि इथली माणसं गप्प का आहेत ते बघावं. आणि पप्पांसारख्यांना पुरस्कार द्यावा का? कबूतर आणि सोनेरी अक्षरं त्यांच्या काय कामाची? त्या खोलीत त्यांच्या शेजारी आणखी दोन माणसं बसली असती, तर पुरे होतं.

परतीच्या एसटीत पप्पा खिडकीशी बसले. अमळनेर मागे पडलं. मग बाहेरच बघत म्हणाले, “तू त्या वसतिगृहात असतीस, तर मीही आज फाटकाच्या आत गेलो नसतो.”