गिअरांचा अभिषेक

दौलतराव कंपनीतून रिटायर झाले, तेव्हा त्यांनी जुन्या स्कूटरचं इंजिन खोललं आणि निगडीच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर जपून ठेवलं. दर खंडेनवमीला सगळे पार्ट पूजेसाठी खाली यायचे. गिअरांवर तांबूस गंज धरलेला असायचा. मग दौलतराव रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन बसत. घासून घासून आरसा करत. नंतर यथासांग दह्यादुधाचा अभिषेक. देवाचं झालेलं पुसायचं नाही, म्हणून तसंच फडक्यात बांधून पुन्हा माळ्यावर.

“निगडीची हवाच खराब,” ते म्हणत.

एका नवमीला त्यांच्या बायकोचं, सुभद्राबाईंचं डोकं फिरलं. “अवो, दह्यानं आंघोळ घातल्यावर लोखंड गंजणार न्हाई तर काय? फुडल्या वर्षी गंज दिसला, तर समदं भंगारात!”

दौलतराव हबकले. त्या वर्षी त्यांनी अभिषेक इंजिन ऑइलचा केला. पळीपळीने, मंत्रासकट.

पुढच्या नवमीला सकाळीच फडकं सोडलं. गंजाचा ठिपकाही नव्हता. इंजिन वाचलं, पण दौलतरावांचे हात शिवशिवायला लागले. आता दिवसभर घासायचं काय? ते स्वयंपाकघरात शिरले. लग्नापासून मुरलेला सुभद्राबाईंचा काळाकुळकुळीत लोखंडी तवा त्यांनी चांदीसारखा करून आणला.

“बघ, केवढा गंज होता!”

त्या तव्यावरून दुपारी एकही धिरडं धड निघालं नाही.

संध्याकाळच्या पूजेत गिअरांवर वाटीभर दही सुभद्राबाईंनीच ओतलं.