सतरा नंबरचा गार्ड

कुंदन जाळीपुढे गुडघ्यावर बसला तेव्हा मी घड्याळ बघितलं. सहा मिनिटांनी उठला.

मी मागच्या बाकावर होतो. शनिवारची संध्याकाळ, चर्चमध्ये पाचसात माणसं. कोपऱ्यात कपाटाएवढी लाकडी खोली, मध्ये जाळी. पलीकडे फादर, अलीकडे माणूस. केलेलं पाप तोंडाने सांगायचं आणि फादर देवाच्या नावाने क्षमा करतो. एवढं कुंदनने येताना रिक्षात समजावलं होतं.

मी सुरतच्या उधन्यात चाळीस वर्षं माग चालवले. सहा मिनिटांत हात चांगला असला तर वीसेक तुटलेले सुताचे तार जोडून होतात. नऊ वर्षांचं पाप तेवढ्यात कसं उतरतं, हे मला बघायचं होतं. त्यानेच विचारलं होतं, "येतोस का सोबत?" मी लगेच हो म्हटलं.

कुंदन साळवे मूळचा राहात्याकडचा. आजोबांपासून घर कॅथलिक. आमच्या शेडमध्ये तो मास्टर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. कामाला चोख. बोल्ट आवळून झाला की दोन पावलं जायचा, परत यायचा आणि पुन्हा आवळायचा. आम्ही हसायचो. बायको रंजना म्हणायची, "घरी कुलूप पण असंच लावतात."

आडवा धागा नेणारा धोटा मागातून उडू नये म्हणून पुढे लोखंडी दांडी असते, तिला गार्ड म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी सतरा नंबरच्या मागाचा गार्ड नव्हता. धोटा उडाला आणि उखाच्या डाव्या डोळ्यात बसला. उखा माझ्याच शेजारी, त्या मागावर होता. आमच्या अंमळनेर तालुक्यातला, चांगला कारागीर. डोळा गेला. शेठने विचारलं, गार्ड कुणी काढला? कुंदन म्हणाला, "उखानेच. तार भरायला आड येतो म्हणाला."

सगळ्यांना पटलं. कारागीर असे गार्ड काढतातच. उखा नाही म्हणत राहिला. मग त्याला उधन्यात कुणी मागावर उभं केलं नाही. मीसुद्धा वर्षानुवर्षं सांगत आलो, उखाने आळस केला आणि डोळा घालवला.

यंदा शेठने जुने माग भंगारात दिले. सोडवायचं काम कुंदनला मिळालं, मी मदतीला. सतरा नंबरपाशी आल्यावर तो पाना हातात धरून उभाच राहिला.

"छगन, त्या दिवशी गार्ड मी काढला होता. शाफ्ट बघायला. सुट्टी झाली, परत लावला नाही."

"तू? बोल्ट दोनदा आवळणारा?"

"त्या दिवसानंतर आवळायला लागलो."

मी पाना त्याच्या हातातून घेतला आणि तो माग मीच सोडवला.

पुढच्या दिवसांत मी त्याला विचारून विचारून बेजार केलं. तुमच्यात तर दर वर्षी कबुली असते ना? मग इतकी वर्षं काय केलंस? तो म्हणाला, पहिल्या वर्षी गेलो होतो. चार बारीक पापं सांगितली आणि मध्येच म्हटलं, खोटं बोललो. फादर म्हणाले, क्षमा. खराब कापडाचा डाग घडीच्या आत टाकून सगळा तागा पास करून घेतात, तसं केलं.

"मग पास झालंच की."

"नाही होत. मोठं पाप जाणूनबुजून दडवलं तर ती कबुली धरतच नाहीत. वर आणखी एक पाप चढतं."

"आणि तसाच मेलास तर?"

"देवापासून कायमचा तुटलो."

हे त्याने हवापाणी सांगावं तसं सांगितलं. त्या पापामुळे नऊ वर्षं त्याने ख्रिस्तप्रसाद, म्हणजे वेदीपुढे मिळणारी पवित्र भाकर, घेतला नव्हता. दर रविवारी सगळी रांग उठायची, रंजनावहिनी त्याच्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे जायच्या, आणि हा बाकावर बसलेला. त्यांनी कारण विचारायचंही सोडलं होतं.

तर शनिवारी सहा मिनिटांनी तो माझ्याजवळ येऊन बसला.

"झालं?"

"झालं. क्षमा दिली."

"एवढ्यात? काय करायला सांगितलं?"

"माळेची प्रार्थना. आणि उखाचं नाव त्याला परत द्यायचं."

"ते केल्यावर क्षमा?"

"नाही. क्षमा आत्ताच मिळाली. फादरनी विचारलं, नाव परत देशील का? मी मनापासून हो म्हटलं. तेवढं पुरतं."

मला हे पटलं नाही. काम बघितल्याशिवाय पास कसं करतात? उद्या हा गेलाच नाही तर? फादर शेठला कळवतील का, हेही विचारलं.

"जीव गेला तरी कुणाला सांगणार नाहीत. माझ्याशीसुद्धा त्यावर बोलणार नाहीत, मीच विषय काढल्याशिवाय."

"म्हणजे बघणारा कुणीच नाही."

"नाही."

सोमवारी आम्ही सुरतबाहेर कामरेजला गेलो. उखा हायवेजवळच्या ढाब्यांना खाटा विणून देतो. एका डोळ्याने पट्टी ताणत होता. वीण एकसारखी, कोपरेसुद्धा. आम्हाला बघून हात थांबवला नाही.

कुंदनने उभ्यानेच सांगितलं. गार्ड मी काढला होता, खोटं मी बोललो, मला माफ कर.

"माहीत आहे," उखा म्हणाला. "मी काढला नव्हता म्हणजे मास्टरनेच काढला असणार. मला सांगून काय मिळालं? मी तर तिथे होतो." मग माझ्याकडे वळून आमच्या अहिराणीत म्हणाला, "तू बी तेच म्हने ना रे, छगन? माले मालूम शे."

"हां," मी म्हणालो. "म्हने."

"मंग?"

उखाने पट्टीला गाठ मारली आणि कुंदनला म्हणाला, "जिथे जिथे म्हणालास तिथे जाऊन सांग. शेठला, बाबुरावला, कांडी भरणाऱ्या मालतीबाईला. सगळ्या शेडला. माफीचं मग बघू."

शेड आता नव्हती. माणसं पांडेसरा, लिंबायत, डिंडोली अशी पांगलेली. त्या संध्याकाळी कुंदनने आधी रंजनावहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याची बायको माझ्याकडे रडून गेली होती. मी तिला सबुरी शिकवली." दोन दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कुणाकुणाला सांगायचं त्याची यादी लिहायला बसल्या. त्यांना माणसं जास्त आठवली.

शेठने ऐकून घेतलं आणि विषय झटकत गुजरातीत म्हणाला, "जवा दो ने, जूनी वात छे." कुंदन उठला नाही. त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाबुराव चिडला. मालतीबाई म्हणाल्या, "नऊ वर्षं लागली का रे जीभ वळायला?" तिथे चहा मिळाला नाही. आम्ही रोज दोन घरं करायचो, उन्हातून, चालत. काही जण दोनदा जाऊनही भेटले नाहीत. तिसऱ्यांदा गेलो.

लिंबायतच्या रस्त्यावर मी त्याला विचारलं, "क्षमा तर मिळालीच आहे. रविवारी प्रसादही घेतलास. आता नाही गेलास तर कुणाला कळणार? मग एवढं कशाला चालतोस?"

तो चालताचालताच म्हणाला, "मिळाली नव्हती तेव्हा नऊ वर्षं पाऊल उचललं का मी?"

मी त्यावर अजून विचार करतो आहे. आमच्याकडे आधी काम, मग दाम. तो उलट्या क्रमाने चालला होता, आणि चालणं खरं होतं. ते मी शेजारून मोजलं आहे.

सव्वा महिन्याने यादी संपली. तेव्हा मी त्याला म्हटलं, आता माझी माणसं. माझ्या आळीत, माझ्या गावात मीही उखाला आळशी म्हणालो होतो. फादरने मला काही सांगितलेलं नाही, मी कॅथलिक नाही. तरी आळीत खरं काय ते सांगितलं, आणि त्यासाठीच अंमळनेरला दोन दिवस जाऊन आलो.

मग पुन्हा कामरेज. उखाला आधीच बातमी पोचली होती. बाबुरावने फोन केला होता, नऊ वर्षांत पहिल्यांदा. उखाने एक विणून झालेली खाट आमच्यापुढे ओढली.

"बसा."

कुंदन बसला नाही. "माफ केलंस का?"

"देवाने केलं म्हणतोस ना तुझ्या?"

"केलं."

"मंग त्याचं त्याच्यापाशी. माझं अजून झालं नाही," उखा म्हणाला. "पण बस. चहा सांगितलाय."

कुंदन बसला.