नसीमच्या कॉलेजचं पाकीट

पाकीट माझ्या हातात होतं — आणि फोनवर मी म्हणाले, "नाही, आलं नाही."

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

आम्ही इथे आखातात. हे सित्र्याहून, त्यांच्या कंपनीतून बोलत होते. "पार्सल आलं ना? पापडांखाली बघ, नसीमचं पाकीट असेल. गुरुवारी दुपारपर्यंत द्यायचंय." नसीम माझी नणंद, रत्नागिरीला कॉलेजात. सासरे नाहीत, म्हणून कंपनी तिची अर्धी फी देणार होती — लग्न झालेलं नसलं आणि शिकत असली तरच. त्याला कॉलेजचा कागद हवा. तोच गावच्या माणसाबरोबर आला होता. इंग्रजी मला येत नाही, पण शिक्का कळला.

मग नाही का म्हणाले? घाबरले हो. इथे नईम भागात, जिथे आम्ही राहतो, खालच्या मजल्यावरची बाई म्हणायची, नवऱ्याच्या कागदावर माणसं वाढली की कंपनी बायकोचा व्हिसा कापते. बाळ चार महिन्यांचं. आम्हाला परत पाठवलं तर? तुम्ही काय केलं असतं? — नको. नाही विचारत.

कारण खरं ते नाहीच. दुसऱ्याच दिवशी जेवताना मी सहज विचारलं, तर हे हसले. "फीचा नि व्हिसाचा काय संबंध? खुळी की काय तू?" म्हणजे मंगळवारीच कळलं मला. गुरुवारला दोन दिवस होते. पाकीट दूध पावडरच्या डब्यामागे. हात घातला की मिळत होतं.

नाही दिलं.

खोटं बोलले ते कसं सांगू, ही एक भीती. आणि दुसरं — सांगतेच आता — सासूच्या प्रत्येक चिठ्ठीत नसीम पहिली आली, नसीमला सर शाबासकी देतात. मला सातवीतून काढलं होतं. मला वाटलं, बसू दे हिलाही घरी. वाटलं, खरंच वाटलं तसं.

गुरुवार गेला. खलास. शनिवारी पाकीट गॅसवर जाळलं.

नंतर हे फोनवर तिला ओरडले, "एक कागद पाठवता येत नाही, कॉलेज कसलं करतेस?" ती रडत होती, मला इथवर ऐकू आलं. "भाई, मी पाठवलं होतं, अल्लाशपथ." मी बाळाला थोपटत उभी. त्या वर्षानंतर कॉलेज सुटलं, मग लग्न.

गेल्या सुट्टीत गावी गेलो. हे अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. मी चुलीपाशी बसलेले, तर हळूच म्हणाली, "भाभी, तुम्ही तरी सांगा ना भाईंना, मी खोटं नाही बोलले."

मी म्हणाले, "सांगीन हं."

नाही सांगितलं.