अटकणारी गाडी आणि पंचफुलाताई

पंचफुला एकदा बोलली की बोलली. जवळा बाजारच्या विहारात रविवारची वंदना झाली, समिती सतरंजीवर बसली आणि ती उभी राहिली.

"क्लास टिकवायचा असंल तर कॉम्प्युटरची डिस्क बदला. जुनी झाली. गेम अटकून राहिलाय, अन् लेकरं स्टँडवरच्या गेमच्या दुकानात पळून राहिलीत."

जळबामामा समितीचे अध्यक्ष. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गेम? विहारात गेम खेळायला ठेवलं का तुला?"

"गेम न्हाई तर लेकरू न्हाई मामा. मंग काय भिंतीला टायपिंग शिकवू?"

बाया हसल्या. पण उठता उठता मामा बोललेच, "आण डिस्क. पण फरक न्हाई पडला तर क्लासची किल्ली माझ्या भाच्याकडं. बाईमाणसाला यंत्रातलं किती कळणार!"

ही गोष्ट २००६ सालची. पंचफुला सेनगावची लेक. बाप दुसऱ्यांचे बैल बाजारात हाकून न्यायचा, मजुरीवर. दहावी तिनं लग्न होऊन इथं आल्यावर केली. वस्तीत नळ यावा म्हणून पंचायतीसमोर ठाण मांडून बसली, तेव्हा लोक म्हणाले, बाई भांडकुदळ आहे. नळ आला, लोक पाणी भरायला लागले, पण भांडकुदळ ते भांडकुदळच! पुढे ती जीपला लोंबकळत हिंगोलीला जाऊन कॉम्प्युटर शिकली. गावच्याच एका नोकरदारानं जुना कॉम्प्युटर विहाराला दिला आणि मागच्या खोलीत तिचा क्लास सुरू झाला. नियम एकच. आधी एक पान मराठी टायपिंग, मग गाड्यांच्या शर्यतीचा गेम. त्या गेमपायी जी पोरं शाळेत वही उघडत नव्हती, ती इथं न बघता टाईप करायला लागली. म्हणून गाडी अटकायला लागली तशी ती हादरली. क्लास गेला असता तर तिच्या जिवाला दुसरं काय होतं?

नांदेडहून डिस्क यायची होती, तोवर वस्तीतल्या तातेरावांचा पोरगा स्वप्निल भेटला. नांदेडला शिकायला होता, सुटीत आला होता.

"ताई, विकत घ्यायच्या आधी माझी लावून बघा की. नवी हाय, जास्त वेगाची."

"फुकट न्हाई. सावड करू."

एकेक बैल असलेले दोन शेतकरी आपले बैल जोडतात, आज तुझं रान, उद्या माझं, ती सावड. "तुझी डिस्क मला, अन् तुझ्या कॉलेजचा मराठी रिपोर्ट मी टाईप करून देते," ती म्हणाली. स्वप्निल एका पायावर तयार झाला. घरी त्याची आई शकुबाई ओरडली, "काहून खोलून राहिला रे चांगलं मशीन?" तोवर हा डिस्क पिशवीत टाकून विहारात पोचलाही होता.

दोन्ही डिस्का जोडल्या, गेम नव्या डिस्कवर टाकला. आधी पोरं गेम उघडेपर्यंत मोठ्यानं आकडे मोजायची, पार कंटाळा येईपर्यंत. आता मोजायला सुरुवात केली न केली तोच गाडी हजर! खोलीत शिट्ट्या वाजल्या.

"बघा! म्हणलं न्हवतं!" पंचफुलाचा चेहरा उजळला. "जा रे आयुष, जळबामामाला सांगून ये, म्हणावं, किल्ली विसरा!"

आयुष धावत गेला. क्लासातली आकांक्षा खेळायला बसली. मोकळ्या रस्त्यावर गाडी झकास निघाली. वळणावर समोर धा-बारा गाड्या आल्या, धूर उडाला, आणि गाडी पुन्हा अटकत अटकत चालायला लागली. जशीच्या तशी.

"तुझा हात जड हाय, बाजूला सर." पंचफुला स्वतः बसली. तेच वळण, तेच अटकणं.

तिला बापाचा बाजार आठवला. अडाणी गिऱ्हाईक बैल झटकन उठला की भुलतं. जाणतं गिऱ्हाईक चाकं बांधलेल्या गाडीला जुंपून बघतं. मी तर उठण्यावरच भुलले, ती मनात म्हणाली.

"स्वप्निल, डिस्क काम करती ते कळतं कशावर?"

"डब्यावरच्या लाल दिव्यावर. लुकलुकतो."

ती पुन्हा त्या वळणावर गेली. गाडी अटकली आणि लाल दिवा शांत. एकदा न्हाई, दरवेळी. म्हणजे त्या घडीला डिस्कला कुणी काही मागतच नव्हतं. गेम उघडायचं काम डिस्कचं, ते तिनं लवकर केलं. पुढची चित्रं पळवायचं काम दुसऱ्याच कुणाचं.

"चित्राचं कार्ड कमजोर हाय ताई," स्वप्निल हळूच म्हणाला. "पण गप बसा ना. उघडतंय झटकन, मामाला तेवढंच दिसंल."

खरं होतं. गप बसली असती तर किल्ली राहिली असती. पंचफुला त्याच्यावर उसळली, "अन् वर्गणी देणाऱ्या बायांच्या डोळ्यात काय धूळ टाकू?" मग तिनं सेटिंग उघडलं आणि चित्रांचा बारकावा कमी केला. रस्त्याकडेची झाडं गेली, धूर गेला. गाडी मात्र सरळ पळाली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा उभी राहिली. "डिस्क आणू नका. मी चुकले. डिस्कनं गेम लवकर उघडतो, पळत न्हाई. लावून बघितलं."

"मंग?" जळबामामा सरसावले. "दे किल्ली!"

"काहून देऊ? इकत घ्यायच्या आधी तपासलं, हे चुकलं का? तुमी गेल्या जयंतीला लाऊडस्पीकर न वाजवता आणला. अजून खरखर करून राहिलाय. त्याची किल्ली कुणाला दिली?"

बाया पदराआड खुदखुदल्या. मामा लालबुंद झाले. शेवटी तेच म्हणाले, "ठीक हाय. पण इथून पुढं समितीची कोणतीबी चीज तपासल्याबिगर यायची न्हाई."

"बराबर. लाऊडस्पीकरबी."

"लाऊडस्पीकरबी," मामा पुटपुटले.

स्टँडवर गेलेली मोठी पोरं काही परत आली नाहीत. तिथली चित्रं झकपक होती. पंचफुलाला ते लागलं, पण ती बोलावायला गेली नाही. सोमवारी बारकी लेकरं एका खुर्चीवर दोघं-दोघं बसली, पान टाईप झालं, गेम लागला.

"ताई, झाडं कुठं गेली वं?" आकांक्षानं विचारलं.

"रस्ता बघ पोरी. झाडं काय बघतीस!"